खंडेनवमीला थांबलेलं खाचर

घोटावड्याला मी ज्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते, तिथे माझ्या खोलीत कायम एक घरघर चालू असायची. खिडकीखाली स्टुलावर ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरची. कुठल्याशा कंपनीनं तो मोडीत काढला होता आणि मी उचलून आणून त्याचा घरचा सर्व्हर केला होता. माझे सिनेमे, गाणी, फोटो, कागदपत्रं सगळं त्याच्या पोटात. हवं ते, हवं तेव्हा टीव्हीवर किंवा फोनवर उघडायचं. मी तो कधी बंद करायचीच नाही. त्याची घरघर इतकी अंगवळणी पडली होती की जागेपणी ती ऐकूच यायची नाही. सुट्टीच्या दुपारी डोळा लागला की मात्र ती स्वप्नात शिरायची आणि तिथे तिचं काहीतरी वेगळंच व्हायचं, कधी लांबची पिठाची गिरणी, कधी पाटाचं पाणी.

खंडेनवमीला संध्याकाळी ऑफिसातून आले, कुलूप काढलं आणि दारातच थबकले. खोली गप्प होती.

दिवा लावून बघते तर कॉम्प्युटरच्या कपाळावर हळदीकुंकवाची बोटं, गळ्यात झेंडूचा हार, पुढ्यात विडा-सुपारी. भिंतीवरचं बटण बंद. माझं डोकंच फिरलं. नाकावर राग असतोच माझ्या, त्या दिवशी तर अंगाचा तिळपापड झाला. "कुणी हात लावला याला?" मी जिन्यातूनच खाली ओरडले. खोलीची दुसरी किल्ली फक्त घरमालकीण काकूंकडे असते, तेव्हा या प्रश्नाला तसा काही अर्थ नव्हता.

काकू पदर खोचून वर आल्या. घाबरणं वगैरे त्यांच्या स्वभावात नाही. "मी लावला. पुजा केली. आज आवजारं चालवायची नसत्यात, एवढं बी ठावं न्हाई व्हय तुला? वरीसभर राबतंय बिचारं. आज त्याला इसावा. उद्या दसऱ्याला कर की चालू, कोन न्हाई म्हनतंय?"

"अहो काकू, हे काय औजार आहे का!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच अडाणी. "मग काय हाय? आमचं खाचर आता ह्येच तर चालवतंय."



मी लातूरकडची. आमच्याकडे तूर, सोयाबीन आणि नजर पोचेल तिथवर कोरडी काळी माती. पाण्यात पाय घालून उभं राहिलेलं पीक मी पहिल्यांदा बघितलं ते या घराच्या मागच्या खिडकीतून. घराला लागूनच काका-काकूंचं भाताचं खाचर होतं, चारी बाजूंनी बांध घातलेलं, सगळं आभाळ आत घेऊन पडलेलं. तेव्हा आम्हा सगळ्यांचं घरूनच काम चालायचं आणि मी दिवसभर त्या खिडकीशी बसायची. वेडच लागलं मला त्याचं. गच्चीवर टाकीच्या खांबाला मी एक छोटा कॅमेरा बांधला. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत त्यानं थोड्या थोड्या वेळानं एक फोटो काढायचा आणि खाली सर्व्हरकडे पाठवायचा. हौस, दुसरं काय! तो बिचारा काढत राहिला आणि मी विसरून गेले.

मग त्यांच्या भावकीत वाटण्या झाल्या आणि खाचर विकलं गेलं. आधी पत्र्याचं कुंपण आलं, मग मुरूम, मग खांब, मग इमारत. कुंपण लागलं त्याच दिवशी काकांनी खालच्या मजल्याची मागची खिडकी लावून घेतली आणि तिच्यापुढे लोखंडी कपाट सरकवलं. तेव्हापासून ते पुढच्या ओट्यावर बसतात, रस्त्याकडे तोंड करून, हिंजवडीकडे जाणाऱ्या गाड्या बघत. त्यांच्यापुढे खाचराचं नाव काढायची सोय नाही. कुणी काढलंच तर उठून जातात.

एकदा काकू भाजीची वाटी घेऊन वर आल्या तेव्हा मी ते जुने फोटो टीव्हीवर एकामागोमाग पळवत होते. ढग डोंगरावरून घरंगळत येत होते आणि पाण्यातून सरकत जात होते. कोवळी रोपं थरथरत उभी राहिली, बघता बघता गर्द झाली, मग लोंब्या आल्या आणि सगळं खाचर एका बाजूला कललं. बगळे उमटायचे आणि पुसले जायचे. मधूनच एखाद्या फोटोत काका असायचे, तांदळाच्या दाण्याएवढे, आणि पुढच्या फोटोत नसायचे. काकू वाटी हातात घेऊन होत्या तिथेच खाली बसल्या.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "ह्ये तर आपलं."

त्यानंतर रोज दुपारी काकांचा डोळा लागला की काकू वर यायच्या. मी ऑफिसात असले तर आपल्या किल्लीनं दार उघडायच्या. रिमोट कसा चालवायचा ते मी दाखवून ठेवलं होतं. मी घरी असले की दोघी मिळून बघायचो. पेरणीआधी पालापाचोळा पेटवून भाजलेला राब दिसला की त्यांना धुराचा वास यायचा, खरंच यायचा, नाकाला पदर लावायच्या. बगळे जास्त झाले की "हाकल की गं ती," म्हणायच्या, आणि मी हसले की रागवायच्या. एखाद्या दुपारी आम्ही दोघीही पेंगत असू, समोर वर्ष सरकत असे, जाग यावी तर कापणी झालेली. या घरातल्या माझ्या सगळ्यात सुखाच्या वेळा त्याच.

"त्यांनी एकदा बघावं," काकू पुन्हा पुन्हा म्हणायच्या. "एकदाच. मग न्हाई म्हननार मी. पाठ फिरवून बसलेला मानूस किती दिस बघायचा?"

"मग सांगा ना त्यांना."

"सांगितलं की. उठून गेलं."

एवढं सगळं त्या घरघरीच्या पोटात होतं. खंडेनवमीला घरात पुजायला कोयता, खुरपं आणि एक फावडं सोडून काही उरलं नव्हतं, म्हणून काकू हार घेऊन जिना चढून आल्या होत्या. रीतच आहे ती. पुजलेलं औजार दसऱ्यापर्यंत चालवायचं नाही.

दसऱ्याला सकाळी मी बटण दाबलं. मशीन सुरू झालं. आत दोन डिस्क होत्या. माझ्या सिनेमा-गाण्यांची फिरली. दुसरी, सगळ्यात जुनी, जिच्यावर कॅमेऱ्याचे फोटो जायचे, ती नुसती टक टक करत राहिली आणि गप्प झाली. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा टक टक. काकू हातात सोनं घेऊन दारात उभ्या होत्या. माझ्या तोंडावरचं त्यांनी वाचलं असावं. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, "इसाव्यानं कुनी मरतं का गं?"

दुसऱ्या दिवसापासून काकू वर यायच्या बंद झाल्या.

ऑफिसातला माझा एक मित्र या बाबतीत भलता चौकस आहे. त्याच्या घरी माणसांपेक्षा मशीनं जास्त. तो म्हणाला, "वर्षानुवर्षं फिरणारी डिस्क थांबली, गार झाली, आतलं वंगण थिजलं. होतं असं. डिस्क उघडून डेटा काढणारे असतात शहरात, दाखव त्यांना." दाखवली. तिथल्या माणसानं हातात घेऊन, कानाशी लावून सांगितलं की उघडली तर काही मिळेल याची खात्री नाही, असलेलंही जाऊ शकतं. मी ती रुमालात गुंडाळून परत आणली.

"मग एकच उपाय," मित्र म्हणाला. "तिला जरा ऊब दे. फिरली तर एकदा फिरेल, एकदाच धरून चाल. फिरली की बंद करायचं नाही, सगळं उतरवून घ्यायचं. पण तुझ्या त्या डबड्यावर हे करू नकोस बाई. ते जुनं झालंय, मधेच बंद पडलं तर? आधी नवीन सेटअप उभा कर, मग हात लाव."

एरवी हा माझा आवडता खेळ. कुठला बोर्ड, किती मेमरी, कॅबिनेट केवढं, यात मी ऋतूचे ऋतू घालवले असते. आता काकूंचं खाचर एका फिरण्यावर अडकलं होतं, आणि तरीही, का कोण जाणे, त्या दिवसांवर एक गुंगी होती. ऑफिसच्या बसमध्ये, ट्रॅफिकमध्ये तुंबलेल्या गाड्यांकडे बघत मी मनातल्या मनात मशीन बांधायची आणि मोडायची. तयार मिळणारा तो छोटा डबा घ्यावा, डिस्क सरकवल्या की झालं? पण तो बिघडला तर आत हात घालता येत नाही, आणि मला हात घालता आला नाही की चीड येते. तळहाताएवढा, कमी विजेवर चालणारा बोर्ड घ्यावा? की सगळं सुटं घेऊन स्वतः जोडावं? रविवारी कासारसाईच्या धरणावर जाऊन बसले. फोनवर डिस्कचे तक्ते उघडे, समोर पाणी, पाण्यावर वाऱ्याच्या रेघा. तक्ते वाचता वाचता मला त्या पाण्यात रोपं दिसायला लागली. किती वेळ बसले कुणास ठाऊक. फोन मांडीवर तसाच मिटला होता आणि पायांना मुंग्या आल्या होत्या.

मित्राचा रोज नवा सल्ला. "भारी प्रोसेसर घे ना यार, चार लोक एका वेळी चार मूव्ही बघू शकतील."

"चार लोक आणू कुठून?" मी उखडले. "मला दोन म्हातारी माणसं आणि एक शेत दाखवायचंय."

तो म्हणाला, "ओके. मग ताकद नको, टिकाऊपणा बघ." आणि त्यानंतर तो कामाचं बोलायला लागला. सुटं जोडायचं ठरलं. साधा बोर्ड, डिस्कवर जाता-येताना चूक झाली तर दुरुस्त करणारी मेमरी, दोन नव्या डिस्क, दोन्हींवर तेच ते, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. आणि एक यूपीएस, कारण आमच्याकडची वीज डोळे मिचकावते. कॅबिनेटला बारीक जाळी, पाली आत शिरू नयेत म्हणून. दोन्ही डिस्क एकाच खेपेच्या घेऊ नकोस, असं त्यानं बजावलं. एकाच खेपेच्या बऱ्याचदा लागोपाठ आजारी पडतात.

हे मी खाली जाऊन काकूंना सांगितलं. मुद्दाम. त्यांनी मूग गिळून बसावं हे मला सहन होत नव्हतं. त्या भाकरी थापत होत्या. "व्हय," त्या तव्याकडेच बघत म्हणाल्या, "दोघी भनी एका घरात दिल्या की रुसत्यात बी एकदमच." मग हात थांबवून विचारलं, "त्याला आवाज आसंल न्हवं?"

"हल्ली अगदी बिनआवाजाची मिळतात, काकू."

"नगं. आवाज पायजे. आवाज आसला की कळतं, चालू हाय."

मी बिनआवाजाच्या पंख्याची ऑर्डर रद्द केली. मोठ्या पात्याचा, हळू फिरणारा, ऐकू येईल असा घेतला. मित्रानं कपाळावर हात मारला. पण सगळ्या खरेदीत तक्ते न बघता घेतलेली अशी ती एकच वस्तू.

दिवाळीच्या सुट्टीत मी लातूरला गेले नाही. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून मशीन जोडलं. स्क्रू वाटीत, वाटी काकूंची. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पंखा फिरला आणि खोलीत घरघर आली. जुन्याहून जरा जाड, जरा संथ. जिन्यात पावलं वाजली आणि काकू दारात दिसल्या. आत आल्या नाहीत, ऐकून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं. मी ती जुनी डिस्क पिशवीत घट्ट बंद करून गच्चीत नेली, तर काकू गोधडी घेऊन हजर. "उघड्यावर नगं, चटका बसंल." डिस्क गोधडीच्या घडीत ठेवली आणि दोघी बाजूला बसलो. मागे उभ्या इमारतीची सावली गच्चीच्या कठड्यापर्यंत आली होती. काकू मधून मधून घडीत हात घालून बघत, जसं पोराच्या कपाळाला लावून बघतात. "आली ऊब," शेवटी त्या म्हणाल्या.

खाली आणून जोडली. मी बटणावर बोट ठेवलं. काकूंनी हात जोडले होते, कुणाला कोण जाणे. दाबलं.

टक.

मग अगदी हळू, लांबून आल्यासारखा, एक सूर उठला आणि चढत गेला आणि एका उंचीवर जाऊन स्थिरावला. डिस्क फिरत होती. मी कॉपीची आज्ञा दिली आणि फोटो जुन्यावरून नव्यावर उतरायला लागले. जे उतरत होते तेच नव्या मशीनवरून टीव्हीवर लावले, उतरताहेत याची खात्री व्हावी म्हणून. पहिलंच पाणी दिसलं आणि मला रडू फुटलं. काकू रडल्या नाहीत. त्या पुढे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "थांबू नगंस रं बाबा," ते त्या डिस्कला.

दुपार सरकत गेली. आम्ही दोघी जागच्या हललो नाही. राब झाला, लावणी झाली, ढग गेले आणि आले. पंख्याची घरघर आणि जुन्या डिस्कचा सूर एकमेकांत मिसळून असा काही नाद धरला होता की मला आपण जाग्या आहोत की नाही तेच कळेना.

"आज च्या न्हाई का?"

दारात काका. चहाची वेळ टळून गेली होती आणि खाली कुणीच नव्हतं, म्हणून वैतागून जिना चढून आले होते. कपाळावर आठी. काकू दचकून उठायला गेल्या, मग उठल्या नाहीत. काकांची नजर टीव्हीवर गेली होती.

मला वाटलं, आता वळतील. उंबऱ्याच्या आत एक पाय, बाहेर एक, असे ते उभे होते, चौकटीला हात लावून. समोर खाचर भरलेलं होतं, रोपं वीतभर, आभाळ काळंशार. फोटो पुढे जात होते. काका वळले नाहीत.

"थांबव," ते एकदम म्हणाले.

"काका, डिस्क थांबवता येणार नाही."

"चित्तर थांबव."

मी चित्र थांबवलं. ते आत आले, टीव्हीजवळ गेले, वाकून बघितलं. खालच्या कोपऱ्यात, जिथे बांध ओढ्याकडे वळतो तिथे, पाण्याची एक पांढरी रेघ बाहेर पडत होती. इतक्या वेळा बघूनही मला ती कधी दिसली नव्हती. काकूंनाही नसावी.

"बांध फुटलाय," काका म्हणाले. त्यांचा आवाज घाईचा झाला होता. "रातीत सगळं पानी जाईल. फावडं कुटं हाय गं?"

खोलीत नुसती घरघर. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या काकांकडेच बघत होत्या, आणि अगदी साध्या आवाजात, रोजच्यासारख्या, म्हणाल्या, "हाय की. धुऊन ठेवलंय. खंडेनवमीला पुजलंय न्हवं."

"मग आन की."

ते बोलले आणि आपलं आपल्यालाच ऐकू आल्यासारखे थांबले. खिडकीकडे बघितलं. खिडकीत इमारत होती, तिच्या बाल्कनीत कुणाचे तरी कपडे वाळत होते. काका हळूच खाली बसले. भिंतीला पाठ टेकली. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मला काय करावं सुचेना, आणि सुचेना म्हणून मी चित्र पुढे नेलं. एक फोटो. पाणी वाहतच होतं. आणखी एक. पाणी वाहतच होतं.

पुढच्या फोटोत कोपऱ्यात एक माणूस होता. डोक्यावर पोत्याची खोळ, कमरेत वाकलेला, हातात फावडं, तांदळाच्या दाण्याएवढा.

"त्यो बगा," काकू म्हणाल्या. "बांधला बगा तुमी."

काका गुडघ्यांवर पुढे सरकले. काचेवर बोट ठेवलं, त्या दाण्यावर, आणि तसंच ठेवलं. पुढच्या फोटोत तो माणूस नव्हता. पांढरी रेघही नव्हती. बांध सलग होता आणि खाचर काठोकाठ भरलेलं. नव्या मशीनच्या पडद्यावर सगळं उतरून झाल्याची ओळ आली होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"व्हय," काका म्हणाले. "ऱ्हायलं पानी."

काकू उठल्या आणि चहा टाकायला खाली गेल्या.